पंचेचाळीस दिवस

पोरगा कऱ्हाडचा. देवबागच्या वाळूत
त्याचे काळे बूट भरून गेलेले.
पडवीवर बसून आधी त्याने बूट उलटे केले,
मग चार कार्डांची चार पत्रकं
माझ्या सुकत घातलेल्या बांगड्यांशेजारी मांडली.
"मॅडम, तुमच्या गरजेप्रमाणे निवडा."

गरजेप्रमाणे.
आजवर असं कोणी विचारलं नव्हतं.

पहिलं सोनेरी. विमानतळावर आरामखोली फुकट,
वर्षातून आठ वेळा.
चिपीचं विमान आमच्या माडांवरून जातं,
आम्ही मान वर करून बघतो. झालं.
वर्षाची फी विचारली, तर आकडा
कोणी गेल्याची बातमी सांगावी
तसा हळू सांगितला त्याने.

दुसऱ्यावर मॉल, सिनेमा, जेवणात दहा टक्के सूट.
बाबा, जेवण तर मीच विकते.
चार खोल्या, सोळा ताटं.

तिसरं डिझेलचं. इथे मी चष्मा लावला.
शंभरावर एक रुपया परत,
बोटांवर मोजत दिवाळीपर्यंत गेले,
मग कळलं, पंप त्यांच्याच कंपनीचा हवा, तो कुडाळला.
आमच्या होडीचं डिझेल सोसायटीतून कॅनने येतं.
कॅनवर कार्ड कुठे घासू?

चौथं साधं. फी नाही, चित्रही नाही,
पेडव्याच्या पाठीसारखं राखाडी.
"यावर पंचेचाळीस दिवस बिनव्याजी."
आणि सेहेचाळिसाव्या दिवशी?
त्याने पत्रक उलटलं. मागे मुंगीएवढी अक्षरं.
महिन्याला साडेतीन.
मी वर्षाचं केलं, बेचाळीस,
आणि व्याजावरचं व्याज वेगळं.

मग त्याला समुद्राचं सांगितलं.
एक जूनला होड्या वर ओढायच्या,
एकतीस जुलैपर्यंत पाण्यात उतरायचं नाही.
मासळी नाही, पाहुणे नाहीत.
एकसष्ट दिवस. त्यातून तुझे वजा कर.
तो मोबाइलवर करायला लागला.
सोळा, मी म्हटलं.
त्या सोळा दिवसांचं कार्ड आहे?

रेवंडकरांच्या दुकानात होतं.
आई म्हणायची, "नारळी पुनवेक देतंय,"
आणि भाऊ लाल वहीत लिहायचे, ना. पु.
तारीख नाही, व्याज नाही.
फक्त तांदूळ मापताना त्यांचा अंगठा मापात असायचा,
आणि दुकानात चार माणसं असली
की आवाज चढवून विचारायचे,
"मागचा बाकी असा, ठावक असा मां?"
आई वर बघायची नाही.
मी नऊ वर्षांची. पिशवीचा एक बंद माझ्या हातात.

कार्ड ओरडत नाही.
हे मी त्या पोराला बोलले नाही.

चौथं घेतलं. मर्यादा तो लाख म्हणाला,
मी पंचवीस हजार.
वाढवून मागणारे त्याला रोज भेटत असतील,
कमी करून मागणाऱ्यांसाठी रकानाच नव्हता.
साहेबांना विचारायला तो रेंज शोधत
संगमाच्या टोकापर्यंत चालत गेला,
दोन्ही बूट हातात धरून.

पैसे भरायची तारीख पुनवेची मिळेल?
"नाही मॅडम. पाच नाहीतर वीस."
वीस लिही.
पंधरापर्यंत बुकिंगवाल्यांचे येऊन पडतात.

जाताना त्याला सुके बांगडे बांधून देत होते.
"आमच्यात खात नाहीत," म्हणाला, लाजून.
मग आमसुलं दिली.

कार्ड आलं त्या दिवशी
इंजिनाच्या बिलांबरोबर तारेला टोचायला गेले,
तर घरातून आमचे ओरडले,
"अगो, भोक पाडू नको त्येका!"
आता ते गॅसच्या पुस्तकात आहे.

दोन जुलैला एकदा बाहेर काढलं.
मागच्या पट्टीवर सही करायची राहिली होती, ती केली.
परत ठेवलं.
अजून तीस दिवस.